नित्याचा पराभव आणि पात्राचा स्वभाव : मराठी कथात्म साहित्यातील काही व्यक्तिरेखांचा विचार

१.

भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा मराठवाड्यातील विद्यार्थ्याला नव्याने सांगावी लागत नाही. टोमॅटोचे भाव कोसळलेले आहेत, बाजारात बसूनही माल खपत नाही, आलेले गिऱ्हाईक कवडीमोलाने मागते, आणि अखेरीस शेतकरी बाप स्वतः पिकविलेले टोमॅटो भर बाजारात पायांखाली तुडवतो. हे सारे त्याचा मुलगा पाहत असतो. या शेवटाची कारणमीमांसा करा, असा प्रश्न विचारला की बहुतेक उत्तरपत्रिकांत एकच उत्तर येते : भाव पडला म्हणून. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. भाव काही एकट्याचा पडत नाही. अशा बाजारात कोणी मिळेल त्या दराने माल देऊन मोकळा होतो, कोणी उरलेला माल तिथेच सोडून मुकाट्याने गावची वाट धरतो, कोणी दलालाशी भांडून घसा कोरडा करतो. असे असताना या एका माणसाच्या हातून नेमकी हीच कृती का घडली, हा प्रश्न भावाच्या उत्तराने सुटत नाही. तो त्या माणसाकडेच घेऊन जातो.

प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे. रोजच्या जगण्यातील लहानसहान पराभवांना कथात्म साहित्यातील पात्रे जो प्रतिसाद देतात त्यात त्यांच्या स्वभावाचा वाटा किती, आणि तो ओळखण्याचे साधन कोणते, याचा विचार येथे काही परिचित कलाकृतींच्या आधारे करावयाचा आहे. या विचाराला अध्यापनाच्या दृष्टीने एक निकड आहे. चिमणरावाविषयी लिहिताना आपला विद्यार्थी त्याचा भित्रेपणा, बढाई, भाबडेपणा यांविषयी भरभरून लिहितो. ग्रामीण पात्राविषयी लिहू लागताच मात्र ‘दारिद्र्य’, ‘शोषण’, ‘निसर्गाची अवकृपा’ या शब्दांवर त्याची लेखणी थांबते. म्हणजे शहरी पात्राला स्वभाव असतो आणि खेड्यातील पात्राला केवळ परिस्थिती असते, अशी एक न बोललेली वाटणी आपल्या वाचनात रुजलेली आहे. हदगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी, जेथे वर्गातील कितीतरी मुले कापूस, हळद, सोयाबीन यांच्या भावाची चढउतार घरी पाहूनच वर्गात येतात, तेथेही ही वाटणी टिकून राहावी ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. त्या मुलांना आपल्या शेजारच्या दोन शेतकऱ्यांचे स्वभाव वेगळे आहेत हे पक्के ठाऊक असते. पुस्तकातील शेतकऱ्याबाबत मात्र ती ते विसरतात.

२.

‘नित्याचा पराभव’ आणि ‘आपत्ती’ यांत भेद करणे प्रथम आवश्यक आहे. १९७२ चा दुष्काळ किंवा ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेला भूकंप या आपत्ती होत. आपत्तीत माणसाला निवड करण्यास फारसा अवसर उरत नाही. हट्टी आणि मवाळ, उधळ्या आणि काटकसरी, सर्वांना ती एकाच रांगेत उभी करते. नित्याच्या पराभवाचे तसे नाही. गिऱ्हाईक तुटणे, उधारी बुडणे, बैल दगावणे, चारचौघांत पाणउतारा होणे, हाती घेतलेले काम अंगाशी येणे, हे प्रसंग आकाराने लहान असतात. त्यांच्यापुढे माणसाला चार वाटा मोकळ्या असतात आणि त्यांतली कोणती तो धरतो यावरून त्याची ओळख पटते. म्हणून स्वभावाच्या अभ्यासासाठी आपत्तीपेक्षा नित्याचा पराभव अधिक उपयुक्त ठरतो.

स्वभावानुसार नायकांची विभागणी करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. संस्कृत नाट्यशास्त्राने धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत आणि धीरप्रशांत असे नायकाचे चार प्रकार मानले. चारही नावांच्या आरंभी ‘धीर’ हा शब्द आहे, हे लक्षणीय होय. नायक उदात्त असो की उद्धत, त्याच्या ठायी स्थैर्य हे गृहीतच धरले आहे. आधुनिक कथा-कादंबरीने हे गृहीतक सोडून दिले. तिच्या पात्राजवळ धीर असेलच असे नाही. किंबहुना तो किती आहे आणि कोठे सुटतो हेच तिला पाहावयाचे असते.

पात्राचा प्रतिसाद तीन पातळ्यांवर तपासता येतो. पहिली कृतीची : पराभवानंतर पात्र काय करते. दुसरी उक्तीची : ते काय बोलते, कोणापाशी बोलते, किंवा कोठे गप्प राहते. तिसरी कथनाची : तो प्रसंग आपल्याला कोण सांगत आहे. तिसऱ्या पातळीकडे सहसा दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात अनेकदा कथन हाच त्या पराभवाला दिलेला प्रतिसाद असतो.

३.

याचे ठळक उदाहरण म्हणजे चिं. वि. जोशी (१८९२-१९६३) यांचा चिमणराव. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी मराठी वाचकाच्या आणि पुढे दूरदर्शनच्या प्रेक्षकाच्याही घरची झाली. दोघेही वारंवार फजित पावतात, पण दोघांचे फजित पावणे एकसारखे नाही. तालमीतल्या गुंड्याभाऊचा भर अंगबळावर आणि रोखठोकपणावर. अडचण आली की तो तिच्यावर चाल करून जातो आणि ती आणखी वाढवून ठेवतो. चिमणराव स्वभावाने भिडस्त आणि घाबरट. तो अडचणीतून अंग काढून घेऊ पाहतो आणि तसे करताना तिच्यात अधिक खोल रुततो. प्रसंग एक, स्वभाव दोन, म्हणून फजितीच्या तऱ्हाही दोन.

तथापि, या कथांतील विनोदाचा खरा आधार आणखी एका गोष्टीत आहे. आपली फजिती चिमणराव स्वतःच सांगतो. ज्याला आपल्या फजितीची गोष्ट रंगवून सांगता येते त्याचा पराभव त्याच्यापुरता संपलेला असतो. आणि तो संपू शकतो, कारण चिमणरावाच्या पायाखालची जमीन पक्की आहे. संसार, घर, कुटुंबातले स्थान यांना धक्का लागत नाही. एका कथेतील नुकसान पुढच्या कथेत येत नाही. पुढची कथा पुन्हा पहिल्याच जागेवरून सुरू होते. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर येथे प्रत्येक कथेअखेरीस खाते चुकते होते, बाकी उरत नाही. कथामालिकेचा घाट आणि पात्राचा न बदलणारा स्वभाव यांचे नाते येथे आहे.

कादंबरीत, विशेषतः हातावर पोट असलेल्या माणसांच्या कादंबरीत, बाकी उरते आणि ती ‘मागील पानावरून पुढे’ येत राहते. त्यामुळे तेथे स्वभावाची किंमत फार वाढते. चिमणरावाने हट्ट केला तर एक संध्याकाळ वाया जाते. ‘पाचोळा’तील गंगारामाने हट्ट केला तर घर उन्हात येते.

४.

लातूर परिसरातून आलेल्या रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ साली प्रसिद्ध झाली. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ची. पहिलीची बोली लातूर-धाराशिवकडील, दुसरीतील संवादांची वऱ्हाडी. हदगाव तालुक्याच्या शिवेवरून पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे विदर्भ सुरू होतो. त्यामुळे येथील वाचकाला या दोन्ही बोली परक्या वाटत नाहीत, आणि या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचणे त्याला सहज शक्य आहे. तसे वाचण्यास एक सबळ कारणही आहे. दोन्हींच्या केंद्रस्थानी शिंपी कुटुंब आहे. दोन्ही घरांची जमिनीशी असलेली गाठ सैल आहे. गावाच्या गरजेवर आणि मर्जीवर त्यांची चूल पेटते. दोन्हींत अधोगती आहे आणि दोन्हींत ती एका बाईच्या जिवावर बेतते. परिस्थिती इतकी समान असताना या दोन कादंबऱ्या एकमेकींसारख्या का होत नाहीत?

याचे उत्तर पुरुष पात्रांच्या स्वभावभेदात सापडते. ‘पाचोळा’तील गंगारामाला आपल्या कामाचा अभिमान आहे. गावातील वजनदार माणसाशी त्याचे बिनसते, गावात दुसरा शिंपी येतो आणि गंगारामाचे गिऱ्हाईक तुटू लागते. एखादा पडखाऊ माणूस अशा वेळी दोन शब्द गोड बोलून, चार पायऱ्या चढून प्रकरण मिटविता. गंगारामाला ते जमत नाही. त्याचा पीळ हीच त्याची शेवटची मालमत्ता आहे, आणि धंदा जसजसा खाली येतो तसतसा तो पीळ अधिक घट्ट होतो. बाहेर ज्यांच्यावर राग काढता येत नाही त्यांचा राग घरात, बायको-मुलांवर निघतो. ‘धग’मधील महादेव याच्या नेमका उलट आहे. त्याच्यापाशी पीळ नाही, चिकाटीही नाही. काम त्याला नकोसे होते, जबाबदारी अंगावर आली की तो ती टाळतो, आणि पुढे जडलेला महारोग या टाळण्यावर शेवटचा शिक्का मारतो. गंगाराम वाकत नाही म्हणून मोडतो. महादेव उभाच राहत नाही. एकाच व्यवसायातील, जवळजवळ सारख्याच आर्थिक स्तरावरील दोन माणसे दोन वेगळ्या दिशांनी एकाच तळाला पोहोचतात.

आता स्त्री-पात्रांकडे पाहू. ‘धग’मधील कौतिक नवऱ्याच्या वाट्याचे कष्ट स्वतःच्या अंगावर घेते. प्रत्येक नव्या ठेचेला तिचा प्रतिसाद नव्या कामाचा असतो : हे नाही तर ते, येथे नाही तर तेथे. तिच्या स्वभावात कर्तेपण आहे, आणि हे कर्तेपणच तिला जाळत नेते. ‘पाचोळा’तील पार्वतीला असे मोकळे रान नाही. तिचा नवरा निष्क्रिय नाही, तो हट्टी आहे; तेव्हा त्याला सावरणे म्हणजे त्याच्या हट्टाभोवती वाट काढणे. ती समजावते, झाकते, सोसते, मध्येच बोलून जाते आणि बोलल्याची शिक्षा भोगते. कौतिकचा झगडा मुख्यतः पोटाशी आहे. पार्वतीला पोटाशी आणि नवऱ्याच्या पिळाशी असे दोन्हीकडून झगडावे लागते. त्यामुळे दोघींच्या थकण्याचा पोत वेगळा आहे.

कथनाचा भेद येथे निर्णायक ठरतो. ‘धग’ची कथा तृतीय पुरुषी निवेदक सांगतो, ‘पाचोळा’ ही पार्वतीच्या तोंडून, तिच्या बोलीत येते. गंगारामाचा हट्ट आपल्याला गंगारामाकडून कळत नाही, त्याची किंमत मोजणाऱ्या बाईकडून कळतो. हीच हकीकत गंगारामाने सांगितली असती तर ती मानी माणसाच्या झुंजीची गोष्ट झाली असती. पार्वती ती सांगते तेव्हा त्या मानीपणाचा जमाखर्च पुढे येतो. तरीही तिच्या सांगण्यात केवळ तक्रार नाही. नवऱ्याचा स्वभाव तिला कळलेला आहे, आणि माणूस कळल्यानंतर त्याला दोष देणे किती अवघड होते, याचा अनुभव हे निवेदन देत राहते.

५.

१९७१ हेच वर्ष आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’चेही आहे. तेथेही एका माणसाच्या कामाखालची जागा सरकते. मळ्यावर ट्रॅक्टर येतो, बैल आणि इतर जनावरे जाऊ लागतात, आणि सालगडी नारबाचे जग रिकामे होत जाते. गंगाराम आणि नारबा यांची तुलना उद्बोधक आहे. दोघांचीही उपयुक्तता दुसऱ्याने, दुसऱ्याच्या सोयीसाठी संपविली आहे. गंगाराम भांडतो. नारबा भांडत नाही. भांडण्यासाठी जो ‘मी’ लागतो तो त्याच्यापाशी वेगळा उरलेला नाही. बिनघरदाराच्या या माणसाचा ‘मी’ गुराढोरांत वाटला गेला आहे. त्यामुळे एकेक जनावर गेले की त्याच्या नोकरीचे काय होईल या विचारापेक्षा ते जनावर गेल्याचे दुःख त्याला अधिक जवळचे असते. तो ते सांगत राहतो, आणि त्याचे सांगणे प्रत्येक प्राण्याजवळ रेंगाळते. हे रेंगाळणे हाच त्याचा प्रतिसाद होय.

यापूर्वीच्या, व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’तील (१९५५) शेकूच्या बायकोचे उदाहरणही येथे घेण्याजोगे आहे. औताला एक बैल कमी पडतो. पैसा नाही, उसनवार नाही, आणि पेरणी थांबत नाही. शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जुवाला लागते. या प्रसंगाचे वर्णन ‘दारिद्र्याचे विदारक चित्र’ असे करून पुढे जाता येते आणि तसे केलेही जाते. परंतु माडगूळकरांच्या निवेदनात कणव मोजकी आहे. त्यात त्या बाईच्या धिप्पाडपणाची आणि धडाडीची नोंद आधी आहे. बैल नसणे ही परिस्थिती झाली. जुवाखाली खांदा देणे हा त्या बाईचा निर्णय आहे. हा निर्णय दारिद्र्याच्या खात्यावर टाकला की आपण त्या बाईकडून तिची एकमेव कमाई काढून घेतो.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर हा खेड्यातून शहरात शिकायला आलेला, त्यामुळे दोन्ही गटांच्या सीमेवरचा तरुण. वसतिगृहाची मेस चालविण्याची जबाबदारी घेऊन तो तोट्यात जातो, परीक्षा, मैत्री, वडिलांशी असलेले नाते अशा अनेक ठिकाणी ठेचकाळतो. या सर्वांना त्याचा प्रतिसाद बेफिकिरीच्या सुराचा आहे. ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ अशा शब्दांनी तो स्वतःच्या अपयशाला कमी वजनाचे करून टाकतो. हा सूर म्हणजे त्याचा मूळ स्वभाव की स्वभावाने शोधलेला आडोसा? कादंबरीच याचे उत्तर देते. बहीण मनीच्या मृत्यूच्या वेळी हा सूर टिकत नाही. आधी केलेला भेद येथे उपयोगी पडतो : नित्याच्या पराभवासाठी पांडुरंगाने जी ढाल तयार केली ती आपत्तीपुढे पुरत नाही, आणि ती पुरत नाही म्हणूनच ती ढाल होती हे आपल्याला कळते.

६.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेतला जाऊ शकतो. १९७० नंतरच्या ग्रामीण साहित्याच्या चळवळीने, आणि दलित साहित्याने तर त्याहूनही आग्रहाने, माणसाच्या दुःखाची कारणे व्यवस्थेत शोधावयास शिकविले. ‘स्वभाव’ हा शब्द पुन्हा आणला की दोष पुन्हा त्या माणसावरच येतो, अशी भीती निराधार नाही. शेतकऱ्याच्या हलाखीचे कारण त्याचा आळस किंवा उधळेपणा हे होय, असे म्हणणारी मंडळी पूर्वीही होती आणि आजही आहेत. चळवळीने त्यांना दिलेले उत्तर योग्यच होते.

परंतु स्वभाव सांगणे आणि दोष देणे या एक गोष्टी नव्हेत. पराभव कोठून आला हे परिस्थिती सांगते. तो कोणावर आला हे स्वभाव सांगतो. पहिला प्रश्न अर्थशास्त्रालाही विचारता येतो. दुसरा प्रश्न साहित्यालाच विचारावा लागतो, कारण त्याचे उत्तर देण्याचे साधन साहित्यापाशी आहे. भाव का पडला याचे उत्तर ‘लाल चिखल’च्या बाहेर, बाजाराच्या आणि शेतमालाच्या धोरणाच्या चर्चेत अधिक विस्ताराने मिळेल. टोमॅटो का तुडवले गेले याचे उत्तर मात्र त्या कथेशिवाय अन्यत्र मिळणार नाही. याच प्रश्नाला बगल दिली तर कथेऐवजी बाजारभावाचे एखादे टिपण वाचले असते तरी चालले असते, असे म्हणण्याची पाळी येईल.

याला आणखी एक बाजू आहे. गेल्या काही दशकांत मराठवाडा आणि विदर्भ येथील शेतकरी वृत्तपत्रांत मुख्यतः आकड्यांच्या रूपाने येत राहिला. आकड्यात आलेल्या माणसाला चेहरा नसतो, आणि ज्याला चेहरा नाही त्याच्याविषयी हळहळ वाटली तरी ती टिकत नाही. बोराडे, शेळके, यादव, चंदनशिव यांनी केलेले काम नेमके याच्या विरुद्ध आहे. त्यांनी ‘शिंपी’ न लिहिता गंगाराम लिहिला, ‘सालगडी’ न लिहिता नारबा लिहिला. वर्गात आपण त्यांचे पुन्हा ‘शिंपी’ आणि ‘सालगडी’ करून टाकतो, तेव्हा लेखकांनी केलेली मेहनत उलट्या दिशेने फिरते.

७.

अध्यापनाच्या दृष्टीने या विवेचनातून तीन सूचना करता येतात. एक, व्यक्तिरेखेवरील प्रश्न ‘अमुक पात्राच्या दुःखाची कारणे लिहा’ असा न विचारता ‘याच प्रसंगी याच कादंबरीतील दुसरे पात्र कसे वागले असते’ असा विचारून पाहावा. गंगारामाच्या जागी महादेव असता तर ‘पाचोळा’ किती पानांत संपली असती, हा प्रश्न गमतीचा वाटला तरी त्याचे उत्तर देताना दोन्ही कादंबऱ्या पुन्हा वाचाव्या लागतात. दोन, कृती आणि उक्ती यांच्याबरोबर कथनाचीही नोंद घेण्याची सवय विद्यार्थ्याला लावावी : पराभूत माणूस स्वतः सांगतो आहे की त्याचा भार वाहणारे कोणी सांगत आहे? तीन, विनोदी आणि गंभीर कलाकृती वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांत बंदिस्त न ठेवता एकत्र वाचाव्यात. चिमणराव आणि गंगाराम यांच्यात अंतर मोठे आहे. परंतु एकाची फजिती तेथल्या तेथे संपते आणि दुसऱ्याची साठत जाते, हे दिसल्यावाचून ते अंतर नेमके कशाचे आहे हे कळत नाही.

शेवटी पुन्हा ‘लाल चिखल’कडे वळता येईल. तो बाप टोमॅटो तुडवतो तेव्हा त्याचे नुकसान कमी होत नाही. उलट जे दोन पैसे हाती आले असते तेही जातात. व्यवहाराच्या दृष्टीने ही कृती शहाणपणाची नव्हे. तरीही ती त्याच्या हातून घडते, कारण आपल्या मालाची किंमत दुसऱ्याने ठरवावी हे त्याला दिवसभर सोसावे लागले आहे, आणि तो माल नाहीसा करण्याचा अधिकार तेवढा त्याच्याकडे उरला आहे. तो अधिकार बाजारातील प्रत्येकाजवळ होता, पण वापरला मात्र त्यानेच. आणि ते पाहणारा मुलगा पुढे ती गोष्ट सांगतो तेव्हा भाव किती पडला होता यापेक्षा आपला बाप कसा होता, हे त्याला सांगावयाचे असते. वर्गात ही कथा शिकविताना निदान त्या मुलाइतके तरी आपण त्या बापाकडे पाहिले पाहिजे.